परमुलखातली धूळ

बत्तीस वर्षे मी शाळेत भूगोल शिकवला. वाळवंटाचा धडा आला की फळ्यावर ठरलेली चित्रे निघायची. वाळूच्या टेकड्या, उंट, खजुराचे झाड. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला ‘सोनोरन’ नावाचे वाळवंट आहे, तिथे दोन-तीन मजली घराएवढे निवडुंग उभे असतात, हेही मी सांगायचो. तेवढे सांगेपर्यंत तास संपायचा. त्याच वाळवंटातली मूठभर माती एक दिवस माझ्या घरात आजार होऊन येईल, हे त्या वेळी कुणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

आमची लेक आणि जावई ॲरिझोनात, फिनिक्स शहराच्या जवळ राहतात. २०१७ च्या सप्टेंबरात आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो. नवे घर, नवी वसाहत. मागच्या अंगणापलीकडे मोकळे वाळवंट आणि बाजूच्या प्लॉटवर दिवसभर माती उकरणारी यंत्रे. बेळगावात वर्षाला पन्नास इंचांच्या आसपास पाऊस पडतो. तिथे जेमतेम सात-आठ इंच. गंमत म्हणजे उन्हाळ्यातल्या त्यांच्या पावसाला तिथले लोकही ‘मान्सून’च म्हणतात. मी खूश होतो. इतकी वर्षे फळ्यावर काढलेले वाळवंट प्रत्यक्ष पायांखाली होते.

दिवाळी झाली आणि सौ.ने हट्ट धरला की तुळशीच्या लग्नाआधी लेकीच्या अंगणात वृंदावन झाले पाहिजे. देवळात ओळख झालेल्या एका बाईंनी रोप दिले. जावयाने दुकानातून मातीची पिशवी आणतो म्हटले, तर ही म्हणाली, “विकतच्या मातीत कसली तुळस? घराचीच माती हवी.” मग मी कुदळ घेऊन खणू लागलो. जमीन दगडासारखी. वीतभर खाली चुन्याचा पांढरट थर लागला. तिथे त्याला ‘कॅलिची’ म्हणतात, तो कसा तयार होतो, हे मी हिला समजावून सांगत होतो. ही खाली बसून ढेकळे हातांनी फोडत होती आणि पिठाच्या चाळणीने माती चाळत होती. वारा होता. पिवळसर धूळ तिच्या तोंडावर उडत होती. ती पदराने नाक पुसायची आणि पुन्हा चाळायची. तिचा एक फोटो मी काढला. तो अजून आहे. पुढे कितीतरी दिवस मला तो पाहवत नसे.

तुळशीचे लग्न थाटात झाले. त्यानंतर पंधरवड्याने तिला ताप भरला, कोरडा खोकला लागला. रात्री घामाने उशी भिजायची. गुडघे आणि घोटे धरले. नडग्यांवर लाल, दुखरे उठाव आले. प्रवासाचा शीण, हवाबदल, अशी कारणे आम्हीच शोधली. परतीची तिकिटे काढलेली होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरी आलो.

खोकला राहिलाच. वजन उतरू लागले. त्यात तिला जुना मधुमेह. गावातल्या एका जाणत्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला. थुंकीत जंतू सापडले नाहीत, पण थुंकी निर्दोष असूनही क्षय असू शकतो, हे खरेच आहे. आपल्या देशात मधुमेही बाई, रात्रीचा घाम, घटते वजन आणि वरच्या भागातला डाग एवढे एकत्र आले की कुणीही डॉक्टर तेच म्हणेल. जानेवारीत चार औषधे सुरू झाली. डॉक्टरांनी विचारले, “घरात कुणाला क्षय होता का?” नव्हता, असे मी सांगितले. “गेले तीन महिने कुठे होता?” हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. दवाखान्यात ओळखीची माणसे बसलेली. कशाला अमेरिकेचा विषय काढायचा, उगाच मिरवल्यासारखे वाटते, असे मला वाटले. भूगोलाच्या मास्तराने भूगोलच लपवला.

आता जे सांगायचे ते सांगताना संकोच वाटतो. मी तिचे भांडे वेगळे केले. कुणाच्या तरी मुंजीत मिळालेले, नाव घातलेले एक फुलपात्र होते. ते मी तिच्या खाटेशेजारी ठेवले. ताट वेगळे, टॉवेल वेगळा. क्षय ताटा-भांड्यांनी पसरत नाही, हे मी स्वतः आरोग्याच्या तासाला पोरांना शिकवलेले. पण भीतीपुढे शिकवलेले टिकत नाही. ती काही बोलली नाही. आपल्या हाताने ते फुलपात्र घासून पालथे घालायची. शेजारच्या अक्का रोज विचारायला येत, त्यांनाही मी दारातूनच वाटेला लावायचो. “धूळू हो, धूळू. रस्त्याचं काम चाललंय ना, त्याचा खोकला,” असे त्या आपले कन्नड-मराठी मिसळून म्हणायच्या. नकळत त्या बाईच खऱ्याच्या सर्वांत जवळ होत्या. फक्त रस्ता दुसरा होता.

दोन महिने औषधे घेऊनही उतार पडेना. मार्चमध्ये लेकीचा फोन आला. तिच्या कचेरीतला एक सहकारी आजारी पडला होता. त्यालाही ताप, खोकला, सांधेदुखी, नडग्यांवर तसलेच उठाव. तिकडच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितले, ‘व्हॅली फीवर’. ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, “बाबा, आईने माती चाळली होती ना?”

तो फोटो घेऊन मी दुसऱ्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथल्या छातीच्या डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले. नळी घालून फुप्फुसाचा बारीक तुकडा काढला आणि तपासायला पाठवण्याआधी प्रयोगशाळेला स्वतः फोन केला, की ही अशी शंका आहे, जपून हाताळा. कारण हा जीव बशीत वाढवला की पुन्हा मातीतले रूप घेतो आणि तपासणाऱ्याच्याच नाकात जातो. आठवड्याने त्यांनी मला सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहू दिले. जाड सालीचे गोल, आणि आत दाटीने भरलेले दाणे. थेट डाळिंब. एवढी देखणी वस्तू माझ्या बायकोच्या छातीत बसून तिला पोखरत होती.

ही बुरशी आहे. तिचे नाव ‘कॉक्सिडिऑइडिस’. वाळवंटी मातीत, पृष्ठभागाच्या थोडे खाली ती धाग्यांच्या रूपाने राहते. पाऊस पडला की वाढते. माती वाळली की धागे सुकून त्यांचे तुकडे पडतात. एकेक तुकडा दोन ते पाच मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान. कुणी खणले, वारा सुटला, की ते हवेत उडतात आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. तिथल्या उबेत त्यांचे रूप पालटते. धाग्याचा गोल होतो, गोलात शेकडो दाणे धरतात, गोल फुटतो आणि प्रत्येक दाण्याचा नवा गोल होऊ लागतो. लक्षणे दिसायला एक ते तीन आठवडे लागतात. आमच्या दिवसांचा हिशेब तंतोतंत जुळला.

मास्तरकीची खोड म्हणून मी पुढे याविषयी मिळेल ते वाचले. पहिला रुग्ण कॅलिफोर्नियातला नव्हे, अर्जेंटिनातला. १८९२ साली ब्वेनोस आयरिसमध्ये आलेहांद्रो पोसादास या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने एका सैनिकाच्या कातडीत हे गोल पाहिले. तो एकपेशीय प्राणी असावा असे तेव्हा वाटले. पुढच्या चार वर्षांत कॅलिफोर्नियात तसेच रुग्ण सापडले आणि ‘इमिटिस’, म्हणजे सौम्य नसलेला, असे नाव त्याला चिकटले. प्राणी नव्हे, ही बुरशी आहे, हे १९०० मध्ये कळले. पण कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात शेतमजुरांना जो ताप येई, त्याचा याच्याशी संबंध आहे हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. १९२९ मध्ये प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याने ही बुरशी चुकून हुंगली. सगळ्यांनी त्याची आशा सोडली, आणि तो बरा झाला! तेव्हा कुठे शंका आली की या जिवाची दोन रूपे असावीत, एक जिवावर उठणारे आणि एक साध्या तापाचे. डॉ. अर्नेस्ट डिक्सन आणि खोऱ्यातच काम करणाऱ्या डॉ. मर्नी गिफर्ड यांनी पुढच्या दशकात हे कोडे सोडवले.

दुसऱ्या महायुद्धात त्या भागात विमानतळ झाले आणि शिकाऊ सैनिक आजारी पडू लागले. डॉ. चार्ल्स स्मिथ यांनी उपाय सुचवला तो इतका साधा, की आपल्या आज्यांना हसू यावे. धूळ बसवा. गवत लावा, रस्ते पक्के करा. आजार खरोखरच घटला. पहाटे अंगणात शेणसडा घालणाऱ्या आमच्या आईला हे सांगितले असते तर म्हणाली असती, “मग आम्ही दुसरं काय करत होतो?” आजही तिथे सांगतात की खणण्याआधी माती भिजवा. आम्ही मात्र ती कोरडीच चाळली.

या धुळीला मैलांचेही बंधन नाही. डिसेंबर १९७७ च्या वादळाने कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेकडची माती उचलून शेकडो किलोमीटर उत्तरेला नेली आणि जिथे हा आजार सहसा नसे तिथे लोक आजारी पडले. जानेवारी १९९४ मध्ये लॉस एंजेलिसजवळ भूकंप झाला. दरडी कोसळल्या, धुळीचे लोट उठले आणि शेजारच्या जिल्ह्यात दोनशेहून अधिक लोकांना हा आजार झाला. त्यांतले तीन दगावले. २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी या बुरशीच्या दोन जाती मानल्या. ॲरिझोनातल्या जातीला त्या अर्जेंटिनाच्या विद्यार्थ्याचे नाव मिळाले, ‘पोसादासी’.

पण ज्यांची मुले फिनिक्स, टूसॉन, बेकर्सफील्ड किंवा फ्रेझ्नो भागात आहेत, त्यांनी हे वाचून तिकीट रद्द करू नये. ही धूळ ज्यांच्या छातीत जाते त्यांतल्या शंभरांपैकी साठांना काहीच होत नाही. बाकीच्यांपैकी बहुतेकांना फ्लूसारखा ताप येतो आणि आठवड्या-महिन्यांत आपोआप जातो. शंभरांत एखाद्याच्या बाबतीत तो हाडांत, कातडीत, मेंदूच्या आवरणात पसरतो, आणि मेंदूपर्यंत गेला तर औषध जन्मभर घ्यावे लागते. मधुमेही, गरोदर बाया, अवयव बदललेले, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे, यांनी जास्त जपावे. धुळीचा वारा सुटला की दारे-खिडक्या लावून घरात बसावे आणि मातीत हात घालण्याचा मोह आवरावा. परत आल्यावर खोकला राहिला, तर न विचारताही डॉक्टरांना सांगावे की आम्ही अमुक ठिकाणी होतो. ही बुरशी आपल्या मातीत नाही, त्यामुळे इकडच्या डॉक्टरांना ती सहज सुचत नाही. तिकडून परतलेले असे रुग्ण भारतात पूर्वीही सापडलेले आहेत.

मीही त्या दिवशी तिथेच उभा होतो. माझ्या छातीतही ती धूळ गेली असणार. मला दोन दिवस अंग मोडून आले, एवढेच. तिच्या वाट्याला मधुमेह होता आणि चाळण होती.

बुरशीचे औषध सुरू झाले. फ्लुकोनाझोलच्या गोळ्या, वर्षभर. महिन्याभरात ताप गेला, मग घाम थांबला. २०१९ च्या उन्हाळ्यात औषध बंद झाले. फुप्फुसात एक छोटी गाठ वणासारखी राहिली आहे. तिच्यावर डॉक्टर लक्ष ठेवून आहेत.

निदान झाले त्या दिवशी डॉक्टरांनी जाता जाता म्हटले होते, “एक बरं आहे. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही.” त्यांना वाटले, ऐकून मला हायसे वाटेल. रुग्णालयातून घरी येईपर्यंत मी बसच्या खिडकीतून बाहेर पाहत होतो. घरी आल्याबरोबर खाटेजवळचे फुलपात्र उचलले आणि माठाशेजारी, इतर भांड्यांत नेऊन ठेवले. ती पाहत होती.

“काय म्हणाले डॉक्टर?”

मी सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग उठली, हळूहळू स्वयंपाकघरात गेली, त्या भांड्यांतून तेच फुलपात्र शोधून काढले, माठातले पाणी घेऊन प्याली आणि मला म्हणाली, “अहो, राहू दे हे माझंच. आता सवय झाली.”

आज ती ठणठणीत आहे. अंगणातल्या तुळशीला रोज पाणी घालते, माती आधी भिजवते, मग खुरपते. अक्का कुंपणापलीकडून ‘मण्णु’ कसे आहे ते विचारतात, ही ‘माती’ कशी आहे ते सांगते. पाणी मात्र ती अजून त्याच फुलपात्रातून पिते. घरात पाहुणे आले की तेही त्याच भांड्याने पाणी पितात, तिचे काही म्हणणे नसते. एकदा मीही त्यातून प्यालो. तिने पाहिले, आणि काही बोलली नाही.