बोटीवरचं जेवण आणि ह्यांची बर्मुडा

प्रवासाला निघायचं ठरलं की घरात कामांची वाटणी आपोआप होते. तिकिटं, पासपोर्ट, पैसे हे पुरुषांकडे आणि बॅगा आपल्याकडे. कुणाचे किती कपडे घ्यायचे, कुठल्याचा चोळामोळा होत नाही, कुणाच्या शर्टाचं बटण तुटलंय, हा सगळा हिशेब बायकांच्या डोक्यात असतो. त्यामुळे समुद्रावरच्या सहलीला जाताना 'बोटीवर जेवायला काय घालून जायचं' हा प्रश्नही आपल्याच पदरात पडतो. पण गंमत अशी, की ह्या प्रश्नावरून जगभर जो वाद चालतो तो आपल्या साड्या-ड्रेसवरून नाही बरं का! तो चालतो पुरुषांच्या अर्ध्या चड्डीवरून. रात्रीच्या जेवणाला शॉर्ट्स घालून यावं की नाही, एवढाच तो प्रश्न. पण लोक असे हमरीतुमरीवर येतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, बोट बुडतेय की काय!

ज्या मैत्रिणींना असा प्रवास अजून घडलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. मुंबईहून, सिंगापूरहून सहलीच्या मोठ्या बोटी सुटतात आणि आपल्यासारख्या लहान गावांतली मंडळीही आता सहल कंपन्यांबरोबर त्यांवर जातात. बोटीवर जेवायच्या जागा साधारण दोन तऱ्हेच्या. एक मोठं जेवणघर. तिथे पांढरे टेबलक्लॉथ, हातात मेनूकार्ड, आणि एकामागून एक पदार्थ आणून वाढणारे वेटर. दुसरी जागा वरच्या मजल्यावरचा बुफे. तिथे आपली ताटली आपण घ्यायची आणि हवं ते वाढून घ्यायचं. दोन्हींकडचे पैसे बहुधा तिकिटातच आलेले असतात. दिवसा कुणी काही म्हणत नाही. संध्याकाळी मात्र मोठ्या जेवणघराचे नियम सुरू होतात. रोजच्या रात्री नीटनेटके कपडे, आणि एखाद्या रात्री थोडे नटूनथटून. तीन-चार रात्रींच्या सहलीत अशी नटायची रात्र बहुतेक एक असते, आठवड्याच्या सहलीत दोन.

हे नियम आले कुठून? जुन्या आगबोटींवर पहिल्या वर्गाचे प्रवासी रात्रीच्या जेवणाला खास पोशाख करत. पुरुष काळ्या डिनर जॅकेटात, बायका लांब झग्यांत. १९१२ साली बुडालेल्या 'टायटॅनिक'वरही पहिल्या वर्गाची हीच रीत होती. खालच्या तिसऱ्या वर्गात असला काही नियम नव्हता, कारण तिथे ट्रंका भरभरून झगे कुणाकडे असणार? म्हणजे पोशाख हे वर्ग ओळखण्याचं साधन होतं. पण त्या रीतीतही एक शहाणपण होतं. प्रवासाच्या पहिल्या आणि शेवटच्या रात्री नटायची सक्ती नसे, कारण पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या बांधून झालेल्या असत. हा नियम नक्की एखाद्या बॅगा भरणाऱ्या बाईने सुचवला असेल, असं मला आपलं वाटतं!

आपल्याकडचं उदाहरण गांधीजींचं. १८८८ च्या सप्टेंबरात ते मुंबईहून विलायतेला निघाले. बोटीवर काळा सूट वापरला आणि पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट उतरताना घालायला म्हणून राखून ठेवला. उतरले तर काय, पांढऱ्या कपड्यांतले ते एकटेच! फार ओशाळल्यासारखं झालं, असं त्यांनी आत्मकथेत लिहिलंय. बोटीवरच्या जेवणघरातही ते जात नसत. काट्या-चमच्यांची सवय नव्हती, कुठला पदार्थ बिनमांसाचा हे विचारायचा संकोच वाटे. मग घरून बरोबर नेलेला फराळ आणि फळं खोलीतच खात. तेच गांधीजी १९३१ साली गोलमेज परिषदेला 'राजपुताना' बोटीने गेले ते पंचा नेसून, आणि लंडनच्या राजवाड्यात बादशहांनाही त्याच वेषात भेटले. उघड्या गुडघ्यांची एवढी मोठी गोष्ट दुसरी नसेल. पण त्यांचा पंचा हा व्रताचा होता. आमच्या ह्यांची बर्मुडा ही निव्वळ आरामाची!

आता नियम पुष्कळ सैल झाले आहेत. 'नॉर्वेजियन' ह्या कंपनीने २००० सालापासून नटायची सक्तीच काढून टाकली. काही अमेरिकन बोटींवर साध्या रात्री नीटनेटकी हाफ पँट चालते, मात्र खेळायची किंवा पोहायची नाही. उलट 'क्वीन मेरी २' सारख्या बोटीवर अजून थाटाच्या रात्री असतात, आणि ज्यांना थाट नको त्यांच्यासाठी बोटीवरच्या दुसऱ्या काही जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात.

वाद घालणाऱ्यांचं म्हणणं काय, तेही सांगते. एक बाजू म्हणते, आम्ही सुट्टीवर आलोय, पूर्ण पैसे मोजलेत, वर्षभर ऑफिसात पँट घालतोच, इथे तरी गुडघ्यांना वारा लागू द्या. दुसरी बाजू म्हणते, आम्हीही पैसे मोजलेत. आम्हाला एक छान संध्याकाळ हवी आहे आणि शेजारच्या टेबलाखालून केसाळ पाय दिसले की ती बिघडते. दोन्ही बाजू मला पटतात. पण ह्या सगळ्या वादात बायकांच्या आरामाबद्दल कुणी बोलत नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? बाई रात्रीच्या जेवणाला नीटच येणार, हे गृहीतच धरलेलं.

गेल्या मे महिन्यात आम्ही पाच जण सिंगापूरहून तीन रात्रींच्या सहलीला गेलो. हे, सासूबाई, तेरा वर्षांची लेक, नऊ वर्षांचा मुलगा आणि मी. सहल कंपनीने दिलेला कागद मी निघण्याआधीच सगळ्यांना वाचून दाखवला होता. संध्याकाळी मोठ्या जेवणघरात पुरुषांनी पूर्ण पँट घालावी, शॉर्ट्स आणि रबरी चपला चालणार नाहीत, असं त्यात स्पष्ट होतं. मी ह्यांच्या दोन पँटी इस्त्री करून बॅगेत ठेवल्याही होत्या. पण दुसऱ्या रात्री स्वारी डेकवरून थेट जेवणघराच्या दाराशी हजर. फुलाफुलांची बर्मुडा आणि पायांत स्लिपर!

दारावर गोव्याचा एक तरुण मुलगा उभा होता. बोटींवर गोव्याची मुलं पुष्कळ भेटतात. तो अगदी अदबीने म्हणाला, "सर, पँट घालून या, टेबल मी धरून ठेवतो. नाहीतर वर बुफे उघडा आहे, तिथे असंच चालेल." झालं! ह्यांचा पारा चढला. "पैसे काय अर्धे घेतलेत का?" वगैरे सुरू झालं. मागे रांग वाढत होती. तेवढ्यात सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अरे, त्याने नियम सांगितला, कारण सांगितलं, दुसरी जागासुद्धा दाखवली. मला एवढं कुणी कधी सांगितलं नव्हतं हो." हे गप्पच झाले. मुलाला घेतलं आणि वर बुफेला निघून गेले.

आम्ही तिघी आत गेलो. खुर्ची कुणीतरी मागे ओढून दिली, मांडीवर नॅपकिन पसरला, सूप आलं, मग भाजी, पुलाव, आइस्क्रीम. सगळं बसल्या जागी! मध्ये एकदाही कुणासाठी उठावं लागलं नाही. सासूबाईंनी मोतिया रंगाची इरकली नेसली होती, लेकीने गुडघ्याएवढा फ्रॉक घातला होता. कुणी कुणाकडे वळून पाहिलं नाही. आणि त्या निवांतपणात सासूबाई बोलायला लागल्या.

लग्न होऊन आल्या तेव्हा मामंजींसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, असा घरचा रिवाज होता. तो त्यांना कुणी सांगितला नव्हता. पहिल्या दिवशी पदर खांद्यावर आला तेव्हा नुसतं सगळ्यांचं बोलणं थांबलं, त्यावरून तो कळला. स्टोव्हपुढे भाकरी करतानाही पदर तसाच. एकदा त्या पदराचा काठ जळाला. शेजारच्या काकू धावल्या म्हणून निभावलं. "तरीसुद्धा दुसऱ्या दिवशी पदर डोक्यावरच," त्या म्हणाल्या, "कारण काढून टाकायचा तर विचारायचं कुणाला? नियम करणाराच कुणी नव्हता." लग्नाला चौदा वर्षं झाली माझ्या, पण ही गोष्ट मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकली. लेकीचं आइस्क्रीम तसंच वितळून गेलं.

तेव्हापासून ह्या कपड्यांच्या नियमांबद्दल माझ्या मनात विचार घोळतोय. मी एका हायस्कूलमध्ये अर्धवेळ शिकवते. आमच्याकडे मुलगे सातवीपर्यंत हाफ पँट घालतात आणि आठवीत त्यांना फुल पँट मिळते. त्या दिवशी त्यांची छाती कशी फुगलेली असते! मुलींचा स्कर्ट जाऊन आठवीतच सलवार-कमीज येते, वर पिनांनी टाचलेली ओढणी. मुलाला मोठा झाला म्हणून बढती, आणि मुलीला मोठी झाली म्हणून खबरदारी. पुढे तोच मुलगा चाळिशीत हौसेने पुन्हा हाफ पँट घालतो आणि त्याला कुणी काही म्हणत नाही. मुलीची ओढणी मात्र एकदा आली की आली.

आमच्या घरी तरी वेगळं काय होतं? दाराची बेल वाजली, ह्यांचे कुणी मित्र आले, की हे लेकीला हळूच म्हणणार, "आत जा, कपडे बदलून ये." तिच्या अंगात शॉर्ट्स असते म्हणून. आणि हे सांगणारे स्वतः बर्मुडा घालून दार उघडायला निघालेले!

मी नियमांच्या विरुद्ध नाही. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने शिक्षकांच्या पोशाखाबद्दल सूचना काढल्या. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-चुडीदार-कुर्ता-दुपट्टा, शिक्षकांनी शर्ट-पँट आणि तोही शर्ट आत खोचलेला. जीन्स आणि टी-शर्ट दोघांनाही नको. त्यावर चर्चा झाली, कुणाला पटलं, कुणाला नाही. पण कागदावर होतं म्हणून चर्चा तरी करता आली. बोटीवरच्या त्या नियमाचंही मला तेच आवडलं. तो आधी सांगितलेला होता. पुरुषालाही लागू होता. आणि ज्याला तो नको असेल त्याला उपाशी न ठेवता दुसरं दार उघडं होतं. ह्या तीन गोष्टी नसतील, तर त्याला नियम म्हणू नये, धाक म्हणावं.

असो. तुमच्यापैकी कुणी जाणार असाल तर चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. प्रत्येक बोटीचे नियम निराळे असतात आणि बदलतातही, म्हणून आपल्या बोटीचा कागद नीट वाचा आणि घरच्यांनाही वाचायला लावा. पुरुषांना एक गडद पँट, दोन कॉलरचे शर्ट आणि एक बंद बूट पुरतात. नवीन सूट शिवायची गरज नाही. पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होऊ शकते, तेव्हा त्या रात्रीचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री बहुतेक बोटींवर नेऊ देत नाहीत, आगीची भीती असते. म्हणून न चुरगळणारी सिंथेटिक साडी किंवा पंजाबी ड्रेस बरा. जेवणघरात एसीचा गारठा फार, वयस्कर मंडळींसाठी शाल घ्याच. आणि मुख्य म्हणजे, प्रत्येकाला आपापली बॅग भरायला सांगा. आपण कुठली पँट ठेवली हे ज्याचं त्याला ठाऊक असलेलं बरं.

तिसऱ्या रात्री काय झालं म्हणता? हे न सांगता पँट घालून जेवणघरात आले. बुफेत ताटली घेऊन दोनदा रांगेत उभं राहावं लागलं, म्हणे!

घरी परतल्यावर लेकीने वहीचा एक कागद फाडला आणि त्यावर लिहिलं, 'पाहुणे आले तर घरातल्या सगळ्यांनी गुडघ्याखालपर्यंत कपडे घालावेत, नाहीतर कुणीच घालू नयेत.' खाली आम्हा पाचही जणांच्या सह्या घेतल्या. सासूबाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, मग सही केली. तो कागद आमच्या फ्रिजवर लावलाय. परवा ह्यांचे मित्र आले तेव्हा बेल वाजल्यावर लेक आणि बाबा दोघंही एकदमच आत पळाले आणि दार मला उघडावं लागलं. पाहुण्यांना दोन मिनिटं थांबावं लागलं खरं, पण त्यांनी काही मनावर घेतलं नाही.

तुमच्या घरातल्या न लिहिलेल्या नियमांची यादी कधी केली आहेत का हो? एकदा करून बघा. कागदावर उतरवले की त्यांतले निम्मे तरी वाचतानाच हसू येईल. उरलेल्यांवर सगळ्यांच्या सह्या घ्या.