गच्चीवरची चिनी माती

पिंपरीहून दापोडीकडे मेट्रो खांबांवरून धावते. मार्च २०२२ मध्ये ती सुरू झाली आणि एरवी खालून कधीच न दिसणाऱ्या गच्च्या प्रवाशांच्या नजरेच्या टप्प्यात आल्या. जुन्या इमारतींच्या माथ्यावर पांढऱ्या कपच्यांचा चायना मोझॅक उन्हात लखलखतो. त्यामागे या पट्ट्याचा इतिहास आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, कारखान्यांमागून वसाहती आल्या आणि कौलारू गावांत सपाट स्लॅब पडू लागले. त्यावर पाणी तुंबू नये म्हणून विटांच्या तुकड्यांचा कोबा ढाळ काढून घालायचा, कठड्याशी गोलसर वाटा करायचा आणि वरून फुटक्या टाइल्सच्या कपच्या बसवायच्या. अखंड फरशी गोलाईवर वळत नाही, कपची वळते. फुटक्या कपबशांपासून कलाकृती करणे ही आज हौस समजली जाते. माझ्या मते तिची खरी शाळा या गच्च्यांवर आहे.

गळती थांबवणे म्हणजे कला नव्हे, असे कुणी म्हणेल. पण पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी अहमदाबादेतल्या ‘संगाथ’च्या कमानदार छतांवर हाच पांढरा मोझॅक चढवला. तो ऊन परतवतो आणि त्या वास्तूचे रूपही त्यानेच घडले आहे. चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेकचंदांनी तर फुटक्या क्रोकरीचे अंगरखे घातलेल्या मूर्तींच्या रांगाच उभ्या केल्या. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: ताटली म्हणजे टाइल नव्हे. खरेच आहे. भिंतीच्या टाइलची पाठ सच्छिद्र असते, ती सिमेंटचा रस पिऊन घट्ट धरते. ताटलीला दोन्ही अंगांनी चकाकी असते, त्यामुळे सिमेंट धरते ते मुख्यतः फुटलेल्या कडेला आणि तळाच्या कड्याला. म्हणून तुकडे लहान करावे लागतात, पाठ खरवडावी लागते, साध्या सिमेंटऐवजी पॉलिमरयुक्त चिकट मसाला वापरावा लागतो. ही अडचण मसाल्याची आहे. तुकडा कुठे वळवायचा आणि सांधा किती ठेवायचा, हे गवंड्याच्या हाताला आधीच ठाऊक आहे.

नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी मागे टाकून चाकणला पोचले की कारखान्यांवर पत्र्याची छपरे दिसतात. तिथे छपरांवर कपचीला काम नाही, भिंतींवर मात्र असू शकते. याच गावच्या संग्रामदुर्ग किल्ल्यात १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या वेढ्याला जवळजवळ दोन महिने तोंड दिले होते. त्या बुरुजांच्या अवशेषांना कुणी सजावटीचा हात लावू नये. पण गावातल्या नव्या चौकांतल्या कोऱ्या भिंतींवर तो वेढा चिनी मातीच्या तुकड्यांत मांडता येईल. कारखान्यांच्या कँटीनमध्ये फुटणाऱ्या बशा आणि गच्च्यांवर हात बसलेले मिस्त्री, दोन्ही याच पट्ट्यात आहेत, आणि त्या भिंतीचे काम आधी त्या मिस्त्रींना विचारूनच ठरायला हवे.