रविवारची मंडळी

आपल्या मंडळाच्या गणपतीत साउंड सिस्टिम सांभाळणारा म्हणून बरेच जण मला ओळखतात. दर रविवारी संध्याकाळी मी कुठे गायब होतो, असं गेल्या वर्षी दोघातिघांनी विचारलं. तेव्हा हसून वेळ मारून नेली. आता लिहूनच टाकतो.

मी मूळचा नगरचा, चौथ्या पिढीतला ख्रिस्ती. २०१३ साली बी. ई. होऊन हैदराबादला आलो आणि इथल्या एका मोठ्या चर्चमध्ये नेमाने जाऊ लागलो. पडद्यावर गीतांचे शब्द, पार्किंगला स्वयंसेवक, सगळं चोख. दोन वर्षांनी आई वारली. तीन रविवार चुकले. चौथ्या रविवारी दारात हात मिळवणाऱ्याने विचारलं, "पहिल्यांदाच आलात का?" त्याची चूक नव्हती. हजार माणसांत तो तरी कोणाकोणाला लक्षात ठेवणार?

मग एक सहकारी मला कुकटपल्लीतल्या एका फ्लॅटमध्ये घेऊन गेला. पाच कुटुंबं, त्यांतली तीन मराठी. पाळक नाही, पाटी नाही. आळीपाळीने एकेकाच्या घरी सतरंजी टाकायची, एकाने वचन वाचायचं, बाकीच्यांनी सुचेल ते बोलायचं. 'उपासना संगीत'मधली गीतं, चपातीच्या तुकड्याने प्रभुभोजन आणि शेवटी डाळभात. एक काका बोलायला लागले की डाळ गार होते. भांडणंही होतात, वीस माणसांत रुसलेला माणूस लपत नाही. पण एकाची नोकरी गेली, तेव्हा त्याच्या मुलांची फी चार महिने आम्ही वाटून भरली. ठराव वगैरे काही झाला नाही.

हैदराबादला हे नवं नाही. पंजाबातल्या शीख घरात जन्मलेल्या बख्त सिंग यांनी कोणत्याही पंथाला न जोडलेल्या मंडळ्या देशभर उभ्या केल्या. त्यांचं हेब्रोन याच शहरात आहे आणि २००० साली ते वारलेही इथेच.

पप्पा नगरच्या आमच्या चर्चचे वीस वर्षं पंच. त्यांना कळलं तेव्हा फोनवर एवढंच म्हणाले, "चर्च आहे की भिशी?"

मीही तयारीत होतो. रेव्हरंड टिळकांची भजनं पप्पांना तोंडपाठ. म्हटलं, "पप्पा, टिळकांनीसुद्धा १९१७ साली मिशन सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडलाच ना? बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती."

"आणि १९१९ साली टिळक गेले. दरबार कुठाय आता? चर्च आहे. तुझ्या पणजोबांची नोंद तिथल्या रजिस्टरात आहे. उद्या तुला काही झालं तर पुरणार कुठे? सतरंजीखाली?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. २०२१ मध्ये आमच्यातल्या एकाचे वडील गेले. दफनभूमीत जागेसाठी आम्ही तीन चर्चच्या कार्यालयांत फिरलो. सगळीकडे एकच प्रश्न: सभासद कुठले? शेवटी एका तेलुगू कुटुंबाच्या ओळखीने रात्री दहाला माती देता आली. त्या दिवशी पप्पांचं वाक्य दिवसभर डोक्यात होतं.

मागच्या हिवाळ्यात पप्पा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले. तो रविवार नेमका आमच्या घरचा होता. पप्पा दाराजवळच्या खुर्चीवर, हाताची घडी घालून. प्रार्थनेत ते काका आईचं नाव घेऊन बोलले. तिला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. पण ती गेल्याचा महिना त्यांना पाठ होता. पप्पांनी घडी सोडली. पुढचं भजन त्यांनीच उचललं, तेही आमच्यापेक्षा दोन पट्ट्या वर. माझ्या बायकोला पेटीवर धावपळ झाली.

दवाखान्यात विम्याचे कागद लागले म्हणून त्यांची फाइल उघडली. आत नगरच्या चर्चच्या वर्गणीच्या पावत्या होत्या, २०१६ पासून दर वर्षीची एक. सगळ्या माझ्या नावाच्या.

मी त्या होत्या तशा परत ठेवल्या. पप्पांना काही बोललो नाही. पुढच्या रविवारी डोळ्याला काळा चष्मा लावून ते साडेपाचलाच तयार होऊन बसले. "आज डाळ कोणाकडे आहे?"