पाठराखा

शरीराच्या साऱ्या अवयवांत उपेक्षित कोण असेल, तर ती पाठ. चेहऱ्यासाठी आरसा आहे, पायांसाठी वहाणा आहेत, पोटासाठी तर सारी दिवाळीच आहे! पाठीची मात्र ती दुखेपर्यंत आठवण होत नाही. आणि दुखू लागली, की दुसऱ्या कशाचीच आठवण राहत नाही.

माझ्या कंबरेत पहिली उसण भरली, ती वह्यांचा गठ्ठा उचलताना. घरात वैद्यांची वाण नव्हती. कुणी निर्गुडीच्या पाल्याचा शेक सुचवला. कुणी गल्लीतल्या पायाळू मुलाला आणून त्याचा पाय माझ्या पाठीला लावला. तीन आठवड्यांत उसण गेली. श्रेय पायाळूला मिळाले, पेढेही त्यालाच! पण पुढल्या वर्षी ती परत आली, आणि नंतर तर मुक्कामालाच राहिली. वर्गात उभा राहिलो, की कंबर म्हणे ‘बैस’. लिहायला बसलो, की म्हणे ‘ऊठ’. कादंबरी सातव्या प्रकरणावर अडली. वेदनेपेक्षाही भीती वाटे, ती हे आठवे प्रकरण कधी लिहून होणारच नाही याची.

गेलेली उसण परत का येते? आपल्या मणक्यांना दोन्ही बाजूंनी बिलगून एक खोल स्नायू असतो. त्याचे नाव मल्टिफिडस. मणक्यांना जागच्या जागी आवरून धरणारा हा खरा पाठराखा. कंबर दुखली, की तो अंग चोरतो, रोडावतो. दुखणे जुने झाले, की त्याच्यात चरबी साचू लागते. ऑस्ट्रेलियात ज्युली हाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच कंबर धरलेल्या ३९ रुग्णांची पाहणी करून १९९६ साली ती प्रसिद्ध केली. चार आठवड्यांत बहुतेकांचे दुखणे थांबले. पण ज्यांनी या स्नायूचा खास व्यायाम केला नाही, त्यांचा स्नायू दहा आठवड्यांनीही भरून आला नव्हता. वर्षभरात अशांपैकी शेकडा ८४ जणांना दुखण्याने पुन्हा गाठले. व्यायाम करणाऱ्यांपैकी शेकडा ३० जणांनाच.

रोडावलेला स्नायू हेच प्रत्येक कंबरदुखीचे मूळ, असे मात्र नव्हे. न दुखणाऱ्या पाठीतही असा स्नायू सापडतो. पण मला पटले ते एवढेच, की दुखणे गेले म्हणजे दुबळेपण गेले, असे नाही. तापातून उठलेला मुलगा वर्गात येतो, तेव्हा त्याचा ताप उतरलेला असतो. शक्ती आलेली नसते. हे शिक्षकाला ठाऊक असते, पण स्वतःच्या पाठीला ही सवलत द्यायचे कुणाला सुचते?

हल्ली मी रोज पहाटे हातागुडघ्यांवर येतो. उजवा हात पुढे, डावा पाय मागे लांबवतो. मग डावा हात, उजवा पाय. धाकटी डोळे चोळत येते नि विचारते, “बाबा, घोडा घोडा?” सौभाग्यवती चकलीचा सोऱ्या हाती घेऊन हसते. पण परवा तीही मुकाट्याने शेजारी चटई पसरून गेली. फराळाच्या घाण्यापाशी बसून तिचीही कंबर दुखत असणार. तिने कधी सांगितले नव्हते, एवढेच.

दुखत नाही, त्या दिवशी तर मी व्यायाम चुकवीतच नाही. आठव्या प्रकरणाची चार पाने झाली आहेत.