भाड्याचा फॉरवर्ड

माझे मामू साताऱ्याच्या सदर बझारात राहतात. हल्ली भावाच्या बेकरीत गल्ल्यावर बसतात. उभं राहायचं झालं की आधी डावा हात टेबलावर टेकवतात. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, वय झालं. वय नाही, गुडघा.

तरुणपणी मामू फुटबॉलमध्ये फॉरवर्ड होते. स्वतःची अशी टीम त्यांना कधीच नव्हती. सातारा काय, सांगली काय, आपला मुलुख कुस्तीचा. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. फुटबॉलवेडं म्हणायचं ते कोल्हापूर. तिथं पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठाच्या पेठा मैदानावर जमतात. बाकीच्या गावांत स्पर्धा लागली की बाहेरून खेळाडू बोलवायचे. मिरजेला आमच्याकडे मुक्काम टाकून मामू अशाच स्पर्धा खेळायला जायचे. एसटीचं भाडं, रात्रीचं जेवण आणि जिंकलो तर वर थोडे पैसे. लोक तोंडावर म्हणायचे, "हा भाड्याचा फॉरवर्ड." मामूंना त्याचं वाईट वाटत नसे. घरच्या दखनीत ते हसत म्हणायचे, "गोल मारा तो शेर, नै मारा तो गैर."

पुढे ते ड्रायव्हर म्हणून कुवेतला गेले. शुक्रवार सुट्टीचा. मलबारची पोरं सकाळी सात-सात जणांचे सामने खेळायची. तिथं मामू पुन्हा भाड्यानं लागले. एका गोलाला पाच दिनार ठरलेले. आमच्या आईला पाठवलेल्या पहिल्या मनिऑर्डरीत त्या गोलांचे पैसे होते, असं ते अजून सांगतात.

सुट्टीवर आले असताना सांगलीजवळच्या एका गावानं बोलावलं. दुसऱ्या हाफमध्ये गुडघा फिरला. आयोजकांनी जीपनं मिरजेच्या दवाखान्यापर्यंत सोडलं, खिशात परतीच्या एसटीचे पैसे ठेवले, आणि पुन्हा कोणी फिरकलं नाही. ऑपरेशनला आईच्या दोन बांगड्या गेल्या. क्लच दाबणारा पायच अधू झाला, त्यामुळे कुवेतची नोकरीही गेली.

हे सगळं आज लिहायचं कारण, मामूंचा तेरा वर्षांचा मुलगा. तोही फॉरवर्डच. निवासी क्रीडा प्रशिक्षणाच्या निवड चाचणीला त्याला जायचंय. मामी म्हणते, एक गुडघा घरात आहे तेवढा पुरे. तिला समजवायची कामगिरी माझ्यावर आली.

मी तिला कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचं उदाहरण दिलं. तो क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला. 2017 साली भारतात 17 वर्षांखालील विश्वचषक झाला, त्यात तो भारताकडून फॉरवर्ड खेळला. भारत तिन्ही सामने हरला: अमेरिकेशी 0-3, कोलंबियाशी 1-2, घानाशी 0-4. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत आय-लीगमध्ये इंडियन ॲरोजच्या पहिल्याच सामन्यात त्यानं चेन्नई सिटीविरुद्ध दोन गोल केले. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सराव करून आला. हा क्लब 2010 पासून पुण्याच्या व्यंकीज कंपनीचा आहे. नंतर जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल असे क्लब त्यानं पाहिले. म्हणजे आजही फॉरवर्डला बिऱ्हाड पाठीवर घेऊनच फिरावं लागतं. फरक एवढाच की आता हातात करार असतो.

मामी म्हणाली, "आणि आपल्यातला कुणी?" मी मोहम्मद सलीमचं नाव घेतलं. कलकत्त्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगनं 1934 ते 1938 अशी सलग पाच वर्षं तिथली लीग जिंकली, त्या संघातला हा गडी. 1936 मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिककडून खेळला, तोही बूट न घालता, पायांना पट्ट्या बांधून. युरोपातल्या क्लबकडून खेळणारा पहिला भारतीय म्हणून त्याचं नाव घेतात. दोन सामने खेळला, लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि घरची आठवण येते म्हणून तो परत आला.

मामीनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्याचा पाय मोडला असता तर?"

मला उत्तर देता आलं नाही. उदाहरणं देताना आपण पोचलेल्यांचीच देतो. वाटेत बसलेल्यांची नावं कुठं छापून येत नाहीत. माझ्या घरात त्यांपैकी एक असताना मीही तेच केलं.

मामू इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "पोराला जाऊ दे. मी खेळलो याचा मला पस्तावा नाही. पण मी कधी काही विचारलं नाही, ही चूक माझी. तू शिकलेला आहेस, एक अर्ज लिही."

मग त्यांनी सांगितलं तसा मी अर्ज लिहिला. त्यात तीनच प्रश्न आहेत. दुखापत झाल्यास उपचाराचा खर्च कोण करणार? विमा आहे का, असल्यास कितीचा? आणि मुलाला खेळ सोडावा लागला, तर त्याची शाळा चालू राहणार का?

उत्तर लेखी येईपर्यंत मामी सही करणार नाही. मला वाटतं, तिचं बरोबर आहे. ज्यांची मुलं यंदा कुठल्याही खेळाच्या चाचणीला निघालीत, त्यांनी हे तीन प्रश्न उतरवून घ्यावेत.

चाचणीला अजून पंधरा दिवस आहेत. पोरगा रोज फजरनंतर मैदानावर जातो. मामू बेकरी उघडायच्या आधी तिथं जाऊन कट्ट्यावर बसतात, आणि डाव्या पायानं मार, डाव्या पायानं, असं ओरडत राहतात.