सुंठेचा कोरा चहा

सातारा जिल्ह्याची ओळख सांगताना कंदी पेढ्यांबरोबर आल्याचाही उल्लेख करावा लागतो. आमच्या खंडाळा तालुक्यातील लोणंदची बाजारपेठ तर कांद्यासाठी प्रसिद्ध. म्हणजे आपल्या घरांत जे शिजत नाही, नेमके तेच भोवताली पिकते आणि विकले जाते! हिवाळ्यात खंबाटकी घाटाच्या पायथ्याच्या टपऱ्यांवर आले ठेचल्याचा आवाज सतत कानी येतो. आमच्या घरी मात्र सुंठ.

पुण्यात शिकणारा नातू यंदा सुट्टीत मसालेदार कोऱ्या चहाचे एक देखणे पाकीट घेऊन आला. नोकरीची सारी वर्षे बारीक अक्षरांतील अटी वाचण्यात गेल्यामुळे मी आधी घटकांची यादी वाचली. दालचिनी, लवंग, संत्र्याची साल आणि शेवटी ‘स्वाद’. हा शेवटचा शब्द मला नेहमीच संशयास्पद वाटतो.

जानेवारीत येथे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. नवकारशीची ४८ मिनिटे धरली की पहिला पेला आठच्या सुमारास. त्या दिवशी दोन पेले शेजारी ठेवले. पाकिटातील चहाचा सुगंध दूरवर दरवळला. घोट घेतल्यावर मात्र घशाला काहीच कळले नाही. आमच्या चहात आधी वेलदोडा जाणवतो, मग दालचिनीचा गोडवा, आणि घोट उतरल्यावर सावकाश सुंठ. ती ऊब छातीपर्यंत पोहोचते.

नातवाला चव पटली, पण त्याचा प्रश्न निराळाच होता. ‘‘आजोबा, ओले आले चालत नाही आणि वाळवलेले चालते, ही पळवाट नव्हे का?’’

प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. ओला कंद अनंतकाय. तो मातीत पुरला तर पुन्हा अंकुरतो. सुंठ अंकुरत नाही. एवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. ‘‘पण सुंठेसाठीही आले उपटावेच लागते ना?’’ हे खरेच आहे, आणि मी ते नाकारले नाही. मी त्याला एवढेच सांगितले, की परंपरेने सुंठ औषध म्हणून स्वीकारली, आणि औषधाला मात्रा असते. ओल्या आल्याची भाजी होते, चटणी होते, लोणचे होते. सुंठ कोणी वाटीभर खात नाही. मर्यादा न ठरवता आम्ही कोणाला कर्जही दिले नाही! तो हसला, मात्र पुरते पटले, असे मी म्हणणार नाही.

आल्याऐवजी सुंठ म्हणजे तडजोड, असे अनेकांना वाटते. वस्तुतः आले वाळताना त्यातील जिंजेरॉलचा काही भाग शोगाओल या अधिक तिखट द्रव्यात बदलतो. थंडीसाठी सुंठच अधिक योग्य, असे माझे तरी मत आहे.

कृती सोपी, पण क्रम महत्त्वाचा. चार पेले पाण्यात सुंठेची पाव चमचा पूड, चार मिरी, तीन वेलदोडे, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आणि एकच लवंग पाच मिनिटे उकळावी. आच बंद केल्यावर चहाची पत्ती टाकावी आणि तीन मिनिटांत गाळावे. दुधातील प्रथिने चहाचा तुरटपणा झाकतात. कोऱ्या चहाला तो आधार नसतो, म्हणून पत्ती उकळू नये. दाणेदार चहापेक्षा पानाचा चहा बरा. गूळ पेल्यात घालावा, पातेल्यात नव्हे. ज्याला नको असेल त्याची सोय होते. वेलदोडे ऐन वेळी कुटावेत, कुटून ठेवल्यास त्यांचा वास उडतो.