फेलोशिपवाल्यांबद्दल

मुलाखतीला फेलोशिप संपवून आलेलं कुणी समोर बसलं की माझा चेहरा आंबट व्हायचा. आमच्या वेळी सामाजिक संस्थेत येणं म्हणजे शबनम, एसटी आणि मिळेल तिथे मुक्काम. मानधनाचा विषय आपणहून काढायचा नसे. आणि ही मुलं? स्टेट बँकेच्या ‘यूथ फॉर इंडिया’त १३ महिने, ‘टीच फॉर इंडिया’त दोन वर्षं. तलाठी कुठल्या वारी गावात सापडतो हे कळेपर्यंत निरोप समारंभ! ही सहल आहे, असं मी चारचौघांत बोललोही आहे.

आता तसं बोलत नाही. कुण्या फेलोने पराक्रम केला म्हणून नव्हे. आमच्याच जुन्या कार्यकर्त्यांची नावं एकदा आठवत बसलो होतो. तुटपुंज्या मानधनावर जे टिकले, त्यांच्यापैकी कुणाचे वडील शिक्षक, कुणाची बायको बँकेत, कुणाची गावाकडे बागायत. घरातला पहिला पदवीधर असलेला, पहिल्या महिन्यापासून आईला पैसे पाठवावे लागणारा मुलगा मात्र थोड्याच दिवसांत एमपीएससीच्या अभ्यासाला म्हणून निघून जायचा. आम्ही म्हणायचो, निष्ठा कमी पडली. कमी पडत होतं खोलीचं भाडं.

फेलोशिपमध्ये निदान मानधन ठरलेलं असतं, मुदत ठरलेली असते आणि अडलं तर विचारायला कुणी असतं. लहान संस्थांना हे जमत नाही. २०२० साली परदेशी देणग्यांचा कायदा बदलला, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. नव्या माणसाला शिकवण्याचा खर्च कुठल्या रकान्यात दाखवायचा, यावर आमच्याकडे हिशेबनिसाशी दरवर्षी वाद होतो.

कुरकुर आहेच. बऱ्याच फेलोशिपांचे अर्ज इंग्रजीतून, म्हणजे ज्याच्यासाठी मानधनाचं एवढं महत्त्व तोच दारात अडतो. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री फेलोशिपला मराठी लिहिता-वाचता-बोलता येण्याची अट आहे, ती मला आवडते. आणखी एक खटकतं: फेलोला वाडीवस्ती फिरवून माणसं ओळखायला शिकवणाऱ्या स्थानिक ताईंचं मानधन पुष्कळदा त्याच्यापेक्षा कमी असतं. देणगीदारांपुढे हे कुणी मांडत नाही. आम्हीही नाही.

तरी यंदा पदवी घेतलेल्यांना सांगेन, अर्ज करा. मानधन किती, हे पहिल्याच भेटीत विचारा, लाजू नका. आणि आधीच्या तुकडीतले फेलो आज कुठे काम करतात, हे त्यांनाच फोन करून विचारा.